डॉक्टरांची गाडी दारातून बाहेर निघते

रविवारी सकाळी डॉक्टरांनी गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट वर केलं, कपाळावरचा दिवा लावला आणि सवयीने बोलून गेले, "घाबरू नका हं. दुखलं तर हात वर करा."

गाडीने हात वर केला नाही. गेली कित्येक वर्षं तिने काहीच केलं नव्हतं. डॉक्टर दातांचे. एका पेशंटच्या घरामागे ताडपत्रीखाली ही गाडी त्यांना दिसली आणि दाढ काढायला गेलेला माणूस गाडी ओढत घरी आला. तेव्हापासून त्यांनी तिचं इंजिन शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवलं, घासलं, पुसलं आणि पुन्हा बांधलं. कार्बोरेटरची बारीक भोकं रूट कॅनलच्या सुयांनी साफ केली. या काळात पिस्टन पुस्तकांच्या कपाटात राहिले, नट-बोल्ट मिठाच्या बरणीत गेले, आणि ओव्हनमध्ये इंजिनाचं झाकण वाळत घातलेलं सापडलं त्या दिवशी डॉक्टरांच्या बायकोने जेवणच केलं नाही. म्हणजे केलं, पण फक्त स्वतःपुरतं.

आज नाश्त्याला तिने शांतपणे सांगितलं होतं, "दुपारी भंगारवाला येतोय. टेम्पो घेऊन."

डॉक्टरांच्या हातातला चमचा बशीत पडला. "अगं, पण इंजिन तयार आहे! फक्त सुरू करायचं राहिलंय."

"हे तुम्ही मागच्या थंडीतही म्हणाला होतात."

"तेव्हा गॅस्केट मिळालं नव्हतं."

"माहितीये मला. कुठल्या दुकानात मिळत नव्हतं तेही पाठ आहे. झोपेत विचारलंत तरी सांगेन." तिने बशा गोळा केल्या. "तो यायच्या आत गाडी स्वतःच्या ताकदीवर गॅरेजच्या दारातून बाहेर निघाली, तर राहील. नाही निघाली, तर किलोच्या भावाने जाईल. मला जागा हवी आहे."

माणसाचं मन एकेका वस्तूवर बसतं, त्याला कोण काय करणार. त्यांनी लगेच मित्राला फोन लावला. मित्र शाळेपासूनचा, धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा. सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत, तोही फोनवर तेच नाव सांगे. यंत्र कुठलंही असो, आपल्याला कळतं, असं त्याचं ठाम मत होतं. आणि ते मत तो कुणापासून लपवत नसे.

लिफ्टवाला हत्यारांची पेटी घेऊन आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "यात काय आहे? लिफ्ट वर जाते, ही पुढे जाते. तेवढाच फरक. तू वायरींवर चिठ्ठ्या लावल्यायस ना?"

"लावल्यात. डावी पहिली, डावी दुसरी, उजवी पहिली, उजवी दुसरी."

"बस. वायरी माझ्यावर सोड. तू बाकीचं बघ."

तासाभराने सगळं जोडून झालं. डॉक्टर आत बसले, डोळे मिटले, चावी फिरवली. आवाज नाही. पुन्हा फिरवली. टक् नाही, टुक् नाही.

"स्टार्टर गेला," लिफ्टवाला म्हणाला.

स्टार्टर काढला. तपासला. चांगला होता. पुन्हा बसवला. चावीचं कुलूप उघडलं. तेही चांगलं. लिफ्टवाल्याने बॉनेटात डोकं घातलं, डॉक्टरांनी गाडीखाली. दोघं एकमेकांशी इंजिनाच्या आरपार बोलू लागले.

"करंटच येत नाहीये रे," खालून डॉक्टर म्हणाले.

"कसा येईल?" वरून लिफ्टवाला म्हणाला. "इतकी वर्षं या धंद्यात आहे, एक साधा चटका बसला नाही मला. का? कुठल्याही यंत्रात हात घालायच्या आधी मी पहिला करंट तोडतो."

मग डॉक्टर सरपटत बाहेर आले. "आज पण तोडलास?"

"म्हणजे काय! आल्या आल्या." त्याने अभिमानाने बॅटरीकडे बोट दाखवलं. बॅटरीची वायर काढून, टोकाला व्यवस्थित चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. शेजारी, डॉक्टरांनी जिला आतापर्यंत टेकून काम केलं होतं, ती लिफ्टवाल्याची पाटी उभी होती. तिच्यावर लिहिलं होतं, "काम चालू आहे. आत पाऊल टाकू नये."

"तू सांगायचंस तरी!"

"पाटी लावली ना!"

भांडायला वेळ नव्हता. वायर जोडली. चावी फिरवली. इंजिन घर्रर्र घर्रर्र फिरू लागलं आणि डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. पण ते नुसतं फिरतच राहिलं. पेट घेईना.

लिफ्टवाल्याने हुंगून बघितलं. "पेट्रोल पोचत नाहीये. टाकीतून येणारी नळी बंद आहे कुठेतरी." त्याने नळी सोडवली, तारेने आत टोकरलं आणि ओढून काढला तो पांढराशुभ्र कापसाचा बोळा. दातात धरायला देतात तसला.

"हा इथे कसा आला?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मीच घातला असेल. आत कचरा जाऊ नये म्हणून. भोक दिसलं की हात आपोआप जातो रे माझा."

"आणखी किती भोकं दिसली तुला?"

"तसं आठवत नाही."

"दवाखान्यात कसं आठवतं?"

"तिथे पेशंट आठवण करतो ना. घशातून आवाज काढतो."

मग बोळे शोधण्याची मोहीम निघाली. हवेच्या नळीत निघाला, पंपात निघाला, ज्या नळीचं काय काम आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं तिच्यातही निघाला. डॉक्टर आपल्या छोट्या आरशाने कोपरेकापरे बघत होते, लिफ्टवाला चिमट्याने ओढत होता. एवढ्यात बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला.

भंगारवाला आला तो फुरसतीने. त्याने टेम्पो मागे घेऊन गॅरेजच्या दारासमोर उभा केला, दोन लांब लोखंडी फळ्या दारापासून टेम्पोपर्यंत उताराला लावल्या आणि हात झटकत म्हणाला, "ताई, कुठली ती?"

"तीच. पण थोडं थांबा," डॉक्टरांची बायको म्हणाली. "मी शब्द दिलाय. त्यांचा अजून एक प्रयत्न बाकी आहे."

"करू द्या की. मला चहा मिळाला तर मी संध्याकाळपर्यंत थांबतो," म्हणून तो दगडावर बसला.

डॉक्टरांनी ओठ चावून चावी फिरवली. इंजिनाने दोन आचके दिले आणि धाडकन असा आवाज झाला की भंगारवाल्याचा चहा त्याच्या शर्टाने प्यायला. सायलेन्सरमधला बोळा, जो कुणालाच आठवला नव्हता, तो तोफेच्या गोळ्यासारखा गॅरेजच्या मागच्या खिडकीतून बाहेर गेला. मागे दोरीवर चादरी वाळत होत्या. पहिल्या चादरीला काळं भोक पडलं, दुसरीला नुसता काळा डाग लावून तो निसटला. तिसरीने बोळा झेलला.

"पेट घेतला! पेट घेतला!" लिफ्टवाला नाचू लागला.

"माझ्या चादरी!" बायको ओरडली.

"वहिनी, चादरी काय, धुतल्या की झालं. इंजिन जिवंत आहे!"

पण पुढच्या चावीलाही तेच. धाड. त्याच्या पुढच्यालाही. गाडी चालू होत नव्हती, नुसती खोकत होती. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या आणि एकेक करून बंद झाल्या.

"ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय," डॉक्टर बॉनेटपुढे येऊन म्हणाले. "ती डावी पहिली बघ, सैल आहे का."

लिफ्टवाल्याने एका टोकाची वायर चाचपली. "घट्ट आहे."

"ती नव्हे रे. डावी म्हणतोय मी."

"हीच की डावी."

"ती उजवी आहे."

लिफ्टवाल्याने आपला डावा हात वर करून नीट बघितला. मग डॉक्टरांचा बघितला. "आपण दोघं शेजारी उभे आहोत, तोंड एकाच बाजूला आहे. तुझं डावं वेगळं आहे का?"

"माझं कशाला? पेशंटचं डावं!" डॉक्टर वैतागून म्हणाले. "ती आपल्याकडे तोंड करून आ वासून बसलीये. तिचा डावा आपल्या उजव्या हाताला येतो. दातांचं सगळं पेशंटच्या बाजूने मोजतात, हे शाळकरी पोरालाही—" इथे ते थांबले, कारण हे शाळकरी पोराला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

"गाडी पेशंट आहे हे चिठ्ठीवर लिहायचंस!"

"तू पाटी लावलीस ना, तशी मी चिठ्ठी लावली!"

भंगारवाला दगडावरून म्हणाला, "साहेब, भांडण झाल्यावर न्यायची की आधी?"

दोघं वायरींवर तुटून पडले. चारही वायरी काढल्या, या टोकाच्या त्या टोकाला नेल्या. आता नाही झालं तर ही जाणार, फळ्यांवरून ओढत जाणार, आणि आपण इथे कपाळावर दिवा लावून बघत उभे राहणार, या विचाराने त्यांना रडूच येत होतं. ते आत बसले. या वेळी डोळे मिटले नाहीत. चावी फिरवली.

इंजिन एकदा शिंकलं आणि चालू झालं.

नुसतं चालू झालं नाही, गुणगुणू लागलं. मऊ, एकसारखं, पोट भरलेल्या मांजरीसारखं. लिफ्टवाल्याने तोंडावर हात ठेवला. भंगारवाला उठून उभा राहिला. दारात हातात काळी चादर घेऊन उभी असलेली बायको इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडत होती, त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकत होती, आणि तिच्या नकळत तिचं तोंड उघडं राहिलं होतं. डॉक्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बाहेर काढ!" लिफ्टवाला ओरडला. "अट पुरी कर!"

डॉक्टरांनी गियर टाकला. गाडी निघाली. अशी डौलात निघाली की ब्रेकवर पाय दिल्यावर तो थेट जमिनीला लागेपर्यंत डॉक्टरांना काही सुचलंच नाही. मग सुचलं. इंजिन आधी आणि ब्रेक पुढच्या वर्षी, असं त्यांनी ठरवलं होतं. हँडब्रेकचा दांडा त्यांनी चकाकी आणायला दवाखान्यात नेला होता.

"ब्रेक नाहीये!"

"चावी बंद कर!" लिफ्टवाला शेजारून पळत म्हणाला. "करंट गेला की ब्रेक आपोआप लागतो!"

"तो लिफ्टचा!"

"अरे हो!"

तोवर पुढची चाकं फळ्यांवर चढली होती. मागचीही चढली. गाडी सरळ रेषेत, कुठेही न अडखळता, भंगारवाल्याच्या टेम्पोत शिरली आणि रद्दीच्या गठ्ठ्यांना नाक टेकवून थांबली. डॉक्टरांनी चावी बंद केली. सगळीकडे शांत झालं.

"एवढी वर्षं भंगार उचलतोय," भंगारवाला हळूच म्हणाला, "पण स्वतःहून चढणारी गाडी पहिल्यांदा बघितली."

टेम्पोतून डॉक्टरांचा केविलवाणा आवाज आला, "अगं, दारातून बाहेर तर निघाली ना? स्वतःच्या ताकदीवर?"

सगळे बायकोकडे बघू लागले. ती शब्दाची पक्की होती. तिने गॅरेजचं दार बघितलं, फळ्या बघितल्या, टेम्पो बघितला.

"निघाली," ती म्हणाली. "कुठे थांबायचं ते मी बोललेच नव्हते. राहील ती."

लिफ्टवाल्याने टाळ्या वाजवल्या. पण आता गाडी खाली कशी आणायची? ब्रेक नाहीत. सोडली तर ती उलटी घरंगळत गॅरेजात येणार, गॅरेजच्या मागे भिंत, भिंतीमागे चादरी, चादरींमागे स्वयंपाकघर. भंगारवाल्याने डोकं खाजवून सांगितलं, "माझ्या वखारीत टेम्पोच्या उंचीचा ओटा आहे. तिथे सपाट उतरेल. मग दोरीने बांधून सावकाश आणा घरी."

डॉक्टर गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. वखारीत नेऊन तिला कुणी कापली तर? "मी इथेच बसतो," ते म्हणाले.

"मीही येते," बायको म्हणाली आणि फळीवरून चढून त्यांच्या शेजारी बसली. "तुम्हाला एकट्याला तिथे सोडलं तर आणखी एक घेऊन याल."

अशी वरात निघाली. पुढे टेम्पोत भंगारवाला आणि लिफ्टवाला, मागे टेम्पोवर गाडी, गाडीत डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर वळणावर सवयीने स्टिअरिंग फिरवत होते. बायको काच खाली करून बाहेर बघत होती.

वखारीत गाडी ओट्यावर सुखरूप उतरली. लिफ्टवाल्याने सर्वांत आधी बॅटरीची वायर काढली आणि मग तिच्या चाकांना विटा लावल्या. डॉक्टरांनी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत सुटकेचा श्वास सोडला आणि वळून बघितलं, तर बायको शेजारी नव्हती.

ती पार मागच्या भिंतीपाशी होती. पत्र्यांच्या ढिगाआडून एका छोट्या, गोल पाठीच्या, फिकट निळ्या गाडीचं तोंड बाहेर आलं होतं. बायको वाकून तिच्या दिव्याची काच रुमालाने पुसत होती.

"अहो, इकडे या जरा," ती म्हणाली. "हिचं कार्बोरेटर जागेवर आहे. गॅस्केट फक्त गेलंय. ते मिळतं, मला दुकान माहितीये."

डॉक्टर धावत आले. "अगं, काहीतरीच काय! ठेवणार कुठे? गॅरेजमध्ये एकाच गाडीची जागा आहे!"

"असू दे की," बायको दुसरा दिवा पुसायला घेत म्हणाली. "तुमची राहील रस्त्यावर. ती आता चालते ना!"