नोंद घेतली आहे

निवृत्त स्वच्छता निरीक्षकांना अडुसष्टाव्या वर्षी अशा जागी जळजळ सुरू झाली, जिथली तपासणी त्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी केली नव्हती. शिश्नाच्या टोकाला लाली आली होती, खाज थांबत नव्हती. गटारं, मुताऱ्या आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने निदान जागच्या जागी केलं: जंतू. फरशी पुसायचं जंतुनाशक मगभर पाण्यात घालून त्यांनी दिवसातून दोनदा धुवायला सुरुवात केली. जळजळ वाढली, तेव्हा जंतू चिवट आहेत असं ठरवून तीनदा.

घरात कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. तक्रारी ऐकायची त्यांना सवय होती, करायची नव्हती. बायको म्हणे, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वर्तमानपत्रातून मान न काढता ते म्हणत, "नोंद घेतली आहे." नळ गळत राही.

एका रविवारी दुपारी मुलगी बाहेर गेली होती, घरात दोघंच होती. बायकोला त्यांनी जवळ घेतलं आणि ऐन वेळी "आई गं!" करत ते पलंगावरून खाली उतरले.

"अहो, काय झालं?"

"पाठ! पाठीत उसण भरली."

"मग हात तिथे काय करतोय?"

"कळ खाली उतरते," निरीक्षक म्हणाले.

पाठ म्हटल्यावर मुलीने संध्याकाळीच कमरेचा पट्टा आणला. बाहेरच्या खोलीत फळ्यांची खाट पडली. पट्ट्याची खालची कड नेमकी नको तिथे काचे. ते पाय फाकवून चालू लागले आणि मुलीने पट्टा आणखी आवळला.

पंधरा दिवसांनी बायकोने बॅग काढली.

"माझ्याशेजारी झोपून पाठ दुखते ना तुमची? उद्या मी बहिणीकडे जाते. परत कधी येईन, सांगत नाही."

"अगं, तसं नाही."

"मग कसं आहे?"

ते सांगण्यापेक्षा बायको गेलेली परवडली, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण तिने गुडघ्याने दाबून बॅग बंद केली, आणि या घरात आपण एकटे, हे चित्र त्यांना स्पष्ट दिसलं. मुलीने डॉक्टरांकडे चला म्हटल्यावर ते मुकाट्याने निघाले. तिला मात्र दाराबाहेर बसवलं.

"पाठ दुखते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"मग चालताना पाय का फाकवता?"

असे प्रश्न ते हॉटेलवाल्यांना विचारत आले होते. त्यांनी पट्टा सोडला. पडद्याआड तपासणी झाली.

"धुता कशाने?"

त्यांनी बाटलीचं नाव सांगितलं.

"साहेब, ते फरशीचं आहे."

"पण जंतू..."

"जंतूंचं मी बघते. तुम्ही कातडी जाळताय. नुसतं पाणी वापरा, हे मलम लावा, रक्तातली साखर तपासून घ्या. आणि या वयात बायकांनाही कोरडेपणामुळे दुखतं. घरी कधी विचारलंत?"

निरीक्षक भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"आज विचारा," बाई म्हणाल्या.

तोंडाने ते जमेना. बायको शाळेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली, तेव्हा त्यांनी तिला कळेल अशा भाषेत लिहिलं आणि कागद बॅगेवर ठेवला.

'विषय: अर्जदाराच्या खाजगी अवयवाचा दाह व पाठदुखीची खोटी सबब. आपल्या सहवासाबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तरी प्रस्थान स्थगित करावे, ही विनंती. ता. क. आपणांस काही त्रास असल्यास कळवावे.'

बायकोने चष्मा लावून अर्ज वाचला, लाल पेन शोधलं आणि शेरा मारला.

'अर्ज विचारात घेता येत नाही. सहवासाच्या वेळी दुखते, अशी तोंडी तक्रार पत्नीने दोन वर्षांपूर्वी केली होती. त्यावरील आपले उत्तर: नोंद घेतली आहे. आधी जुने प्रकरण निकाली काढावे.'

पुढे काही वर्षांनी निरीक्षक वारल्यावर त्यांचं कपाट आवरताना मुलीला तो कागद सापडला. शेऱ्याखाली वडिलांच्या अक्षरात दोनच वाक्यं होती, चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही कागदावर न लिहिलेली: 'चूक माझी. समक्ष बोलू.'

त्याखाली पुन्हा लाल शाई.

'बोलणे झाले. बॅग माळ्यावर ठेवली. नळाचे काय?'