तळे पिणाऱ्या ड्रॅगनचा पाहुणचार

माझे संपूर्ण नाव रघुवीर सदाशिव आठल्ये, वय वर्षे एक्याऐंशी. कासारवेळ गावचे तळे दरसाल पिऊन टाकणाऱ्या ड्रॅगनला मीच पुन्हा येण्याचे निमंत्रण दिले.

त्याला घालवण्याचे काम माझी नात शाल्मली हिच्याकडे होते. ती नऊ वर्षांची असून तिची सारी जादू दुधाच्या दातांत होती. आता एकच दात उरला होता व तोही हलत होता. तो वाया गेला असता, तर पाण्याअभावी गाव उठवावे लागले असते.

शाल्मलीने तळ्याकाठी दात उपटला, मुठीत धरला आणि मंत्र म्हटला. टेकडीएवढा ड्रॅगन निमूटपणे उठला. जुन्या भाडेकरूच्या अदबीने तो आमच्या अंगणाशी थांबला.

"निघतो, अण्णा."

"या पुन्हा," मी म्हणालो.

ड्रॅगन शब्दाला जागतात, हे मी अनेक ग्रंथांत वाचलेले आहे. तो मान डोलावून उडाला.

"आजोबा, तुम्ही त्याला बोलावलंत?"

"निघणाऱ्यास दुसरे काय म्हणावयाचे?"

"काही नाही. नुसता हात हलवायचा. आता माझ्याकडे दात नाही. तुमच्याकडे तर एकही नाही."

आठवड्याने ड्रॅगन आला. मात्र या खेपेस तो निमंत्रित होता. त्यामुळे तळ्यावर न जाता रीतीप्रमाणे आधी अंगणात बसला. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. नजर तळ्यावर होती.

शाल्मली पुढे झाली. "प्रवास ठीक झाला ना? पाणी आणू?"

पहिल्याच विचारण्यास पाहुण्याने होकार द्यावयाचा नसतो, एवढे त्याला आमच्या गावात राहून कळले होते.

"छे छे, नको, कशाला? आत्ताच पिऊन निघालो."

"बरं," शाल्मली म्हणाली.

ड्रॅगन वाट पाहत राहिला. 'घोटभर तरी घ्या' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. शाल्मलीने माझ्या पायावर पाय ठेवला आणि सारा भार दिला. मी गप्प राहिलो. 'नको' हाही त्याने दिलेला शब्दच होता. त्याने पाऊसपाण्याची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली आणि अखेर पंख उघडले.

"निघतो, अण्णा."

मी हात हलवला.

त्यानंतर तो आला नाही. तळे भरलेले असते. आमच्या घरी आता पाहुण्यास एकदाच विचारतात, आणि पाहुणे कमी झाले आहेत.