सरकारी तराजू आणि सासऱ्याचा गूळ

रुसलेल्या बायकोला आणायला सासुरवाडीला जायचं, आणि तरीही आणायला आलोय हे कुणाला कळू द्यायचं नाही, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे! त्याला डोकं लागतं, शिवाय सरकारी हुद्दा लागतो. माझ्याकडे दोन्ही होतं. निदान हिंगण्याला पोचेपर्यंत तरी होतं.

झालं असं, की जर्मनीशी लढाई जुंपली होती आणि त्याच साली दिल्लीच्या साहेबलोकांना प्रश्न पडला, हिंदुस्थानची रयत खाते काय आणि तिचं वजन भरतं किती? प्रांतोप्रांती पाहणी सुरू झाली. नागपूरच्या आरोग्य खात्यात मी हंगामी कारकून. मला चार इंग्रजी शब्द शिकवले, हातात तराजू दिला आणि पाहणीवर नेमलं. काम साहेबांच्या पसंतीस उतरलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

नवं हत्यार हातात आलं की माणूस आधी घरातच चालवून बघतो. नागपुरात महाल भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी तराजू टांगला. गोपिकेनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, भाकरीला पीठ घेतलं की मी ते तोलायचो. तेल ओतलं की टिपून ठेवायचो. मिरची बघून नुसती मान हलवायचो. तिनं बरेच दिवस ऐकून घेतलं. एकदा मी म्हणालो, "तुह्या माहेरी नुसतं तिखट अन् तेल खातात. व्हिटॅमिन म्हून काई नाई." तिनं शांतपणे चूल विझवली आणि लुगडी गाठोड्यात बांधली.

"आता तो तराजूच तुमाले रांधून घालीन," एवढं बोलून ती हिंगण्याला माहेरी निघून गेली.

आपण माफी मागायची नाही, हे मी ठरवूनच टाकलं. खानावळीत जेवू लागलो. तिथल्या वरणात डाळ सापडली तर तो दिवस सणाचा. घरी परत यावं तर चूल थंड आणि घर गप्प. मला गोपिकेची फार आठवण येई, पण ते सांगायचं कुणाला? शेवटी मला नामी युक्ती सुचली. पाहणीच्या गावांत मी हिंगणा लावून घेतलं. जावई म्हणून जायचंच नाही, सरकार म्हणून जायचं! तिच्या माहेरी आग्रह होईल, ती आपणच गाठोडं बांधेल आणि माझी मान ताठची ताठ राहील.

माणसं तोलायला कापसाचा मोठा तराजू मिळाला होता. त्याची लोखंडी वजनं मात्र मी नागपुरातच ठेवली. बैलांना उगाच कशाला त्रास? सासरे महादेवराव यांचं हिंगण्यात किराणा दुकान होतं आणि दुकानात गुळाच्या एकसारख्या, पाच-पाच शेरी भेल्या होत्या. वजनाला आणखी काय लागतं?

शुक्रवारी संध्याकाळी मी बंडीतून उतरलो.

"कोण आलं, आई?" आतून गोपिकेचा आवाज आला.

"सरकार आलं वं," सासूबाई म्हणाल्या.

"मंग सरकारले पाणी द्या."

पाणी आलं, ती आली नाही.

महादेवरावांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जवाईबापू, तब्येत उतरली वाटते."

"छे! खानावळीत मस्त चाललं आहे. वजन वाढलं माह्यं," मी आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो आणि लगेच भेल्या मागितल्या. "उद्या सांजच्याले सगळ्या परत आणून देतो. सरकारचा शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात तराजू टांगला. गावात तेवढाच एक वासा भक्कम होता. कवडू कोतवालानं दवंडी दिली. पहिली आली जयवंता, कडेवर लेकरू घेऊन. लेकरू एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात भेल्या चढवल्या. काटा स्थिर झाला. वजन लिहायला मी मान खाली घातली आणि माझ्या कानाशी नारळ फुटला.

"बोला, बजरंगबली की जय!" रुपराव पाटील ओरडले. तोवर कवडू भेली फोडून वाटायलाही लागला होता.

"पाटील, काय करून राहिले? तो गूळ म्हणजे माप आहे."

"माप कशाचं गा? शनिवार, मारुतीचं देऊळ, पारड्यात लेकरू अन् समोर गूळ. ही तुला झाली ना."

नवस फेडताना माणसाला गुळानं तोलतात आणि तो गूळ गावात वाटतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी माझी स्वतःची तुला झाली होती. पण सरकारी कामात मारुती लक्ष घालेल, हे काही शिकवलं नव्हतं.

"उरलेल्या भेल्या तरी राहू द्या. दुकानात परत न्यायच्या आहेत."

"तुलेचा गूळ दुकानात?" पाटलांनी आवाज खाली आणला. "जवाईबापू, मारुती पाहून राहिला."

मग जी रांग लागली! सरकार फुकटात तुला करून राहिलं, ही बातमी शेजारच्या वाडीपर्यंत गेली आणि तिकडूनही बंड्या आल्या. गुडघे दुखणारे आले, नवी नवरी आली, आणि पोरं तर गूळ खाऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. पाहणीचे प्रश्न विचारायचे म्हणून मी एका म्हातारीला म्हणालो, "काल काय खाल्लं, माय?"

"कालचं काहून विचारतं, बापू? आज गूळ खाल्ला. तोच लिही."

मी तराजू उतरवायला गेलो तर पाटलांनी हात धरला. मांडलेली तुला अर्धी सोडली तर म्हणे गावावर संकट येतं. संकट आधीच आलं होतं आणि ते माझ्यावर आलं होतं.

दुपारी महादेवराव आले. त्यांनी चिकट तोंडांचं सगळं गाव पाहिलं, उरलेल्या दहा-बाराच भेल्या पाहिल्या, आणि मग मला पाहिलं.

"लग्नसराईसाठी भरला होता मी हा गूळ. नवस कोणाचा होता?"

"सरकारचा असन," पाटील म्हणाले. "जर्मनवाल्याले हरवून राहिले ना."

"सरकारनं तसं सांगितलं का?"

इतक्यात गावाबाहेर मोटारीचा भोंगा वाजला. पाहणीवरचे डॉक्टरसाहेब तपासणीला येणार होते, ते येऊन ठेपले!

"बरं झालं," सासरे म्हणाले. "आता साहेबालेच विचारतो."

गावानं वजनं खाल्ली, हे साहेबांना कळलं की नोकरी संपली. आणि नोकरी नसलेला नवरा कोणत्या तोंडानं बायकोला नेणार?

"बाबा, नवस माह्या होता."

गोपिका गर्दीतून पुढे आली होती. इतक्या दिवसांनी दिसली. बरी दिसत होती, मात्र रागातच होती.

"हे सोता मले न्यायले आले, तं मारुतीपुढं यांची गुळानं तुला करीन, असा नवस होता माह्या. गाव आधी बसलं, हे मागून बसतील. गूळ देवाचाच झाला." मग ती माझ्याकडे वळली. "पण आधी सांगा. न्यायले आले का सरकारी कामानं आले?"

गाव गूळ चघळायचं थांबलं. मोटार वेशीत शिरल्याचा आवाज आला. मी ताठ मान एकदा शेवटची आठवून घेतली.

"न्यायलेच आलो," मी म्हणालो. "तुह्याबिगर घरात जीव लागत नाई."

हे मात्र शंभर नंबरी खरं होतं.

मला पारड्यात बसवलं. सासऱ्यांनी उरलेल्या सगळ्या भेल्या समोर चढवल्या आणि मी सरळ वर गेलो! पाय हवेत लोंबू लागले. पोरं खदखदली. गोपिकेनं एक भेली काढली, मी वरच. आणखी एक काढली, तरी वरच. भेली निघाली की तिचा चेहरा उतरे.

"वजन वाढलं म्हणत होते ना?" ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

साहेब आले तेव्हा मी असा अधांतरी. मी पारड्यातूनच सलाम केला. ते खूश झाले. "लोगों का डर निकालने के लिए खुद बैठ गये? बहुत अच्छा!" मग त्यांनी काटा पाहिला, जवळ येऊन माझी पापणी खाली ओढली, जीभ बाहेर काढायला लावली आणि गावाला सांगितलं, "देख लो. जिसको ठीक खाना नहीं मिलता, वो आदमी ऐसा होता है."

गाव नीट बघायला पुढे सरकलं. माझी पापणी पहिल्यांदा पाटलांनी ओढली, नंतर जयवंतानं, आणि मग आमच्या सासूबाईंनी.

पुढे नोकरी कायम झाली. त्याच संध्याकाळी बंडी नागपूरच्या वाटेला लागली तेव्हा गोपिका शेजारी बसली होती आणि मी पुन्हा जरा ताठ झालो होतो. म्हटलं, एवढा नवस बोलली म्हणजे आपल्यावाचून तिचंही काही खरं नव्हतं.

"नवस कधी बोलली होतीस वं?" मी लाडात विचारलं.

"कुठचा नवस?" ती म्हणाली. "तुमी याल असं मले वाटलंच नव्हतं. जे होणारच नाई त्याचा नवस कोण बोलते?"