कुलूपकाकांचं अभेद्य खुराडं

"मुंगीसुद्धा आत शिरणार नाही!" असं कुलूपकाकांनी जाहीर केलं, तेव्हा मुंग्यांची एक रांग त्यांच्याच चपलेवरून खुराड्यात चालली होती.

काकांनी उभी हयात तिजोऱ्यांच्या कारखान्यात काढली. निवृत्त झाल्यावर शहरातली खोली सोडून गावाबाहेर जमिनीचा तुकडा घेतला आणि कोंबड्या पाळल्या. पाळल्या काकांनी, खाल्ल्या इतरांनी! दोन कोल्ह्याने नेल्या, तीन मुंगसाने, आणि एक पिल्लू तर काका घारीच्या सवयींवर व्याख्यान देत असताना त्याच घारीने उचललं.

शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं. "माझी तांबडी अंड्यांवर बसलीये. तिला काही झालं, तर मी चालले शहरात परत. तुम्ही बसा इथे कोल्ह्यांना कुलपं विकत!"

या जमिनीवर काकांचा फार जीव होता. सकाळी अनवाणी बांधावर उभं राहिलं, की आपण कुणीतरी आहोत असं त्यांना वाटायचं. कारखान्यात तीस वर्षांत एकदाही तसं वाटलं नव्हतं.

मग पंधरा दिवस खपून त्यांनी खुराडं बांधलं. चहूकडून लोखंडी जाळी, वर दुहेरी पत्रा, आणि दार असं, की लोटलं की आपोआप तीन खिट्ट्या बसणार.

"आणि आतून कसं उघडायचं?" काकूंनी विचारलं.

"आतून? कोंबड्यांना काय फिरायला जायचंय?" काका खो खो हसले. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, असा त्या हसण्याचा अर्थ होता. तो काकूंना बरोबर कळला.

तांबडीची रवानगी नव्या खुराड्यात झाली आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी दोन फतवे काढले. पहिला, तांबडीच्या खोक्यावर गोणपाट टाकलंय, ते उचलून बघायचं नाही. दुसरा, न्हाणीघराचा नळ बिघडलाय, अंघोळ विहिरीपाशी करायची.

"अगं, मी करतो ना दुरुस्त!"

"नको! तुम्ही हात लावला, की पाणी सोडून सगळं बंद होतं."

चौथ्या दिवशी दुपारी, कोंबड्या बाहेर चरत असताना, काका आपल्या कलाकृतीचं कौतुक करायला आत गेले. मागे दार लागलं. खट्! खट्! खट्! काय सुरेख आवाज! काका खूश झाले.

तेवढ्यात गोणपाट हललं. खालून एक शेपूट बाहेर आलं. कोंबडीला असतं तसलं नव्हतं.

चांगली पुरुषभर लांबीची धामण होती, आणि पोटाशी दोन टपोरे फुगवटे! ती सरळ पाण्याच्या नळीसाठी ठेवलेल्या भोकाकडे गेली. डोकं गेलं, मान गेली, फुगवटे अडकले. वैतागून परत आली. या खुराड्यात शिरता येत होतं, जेवून बाहेर पडता येत नव्हतं.

धामण बिनविषारी असते हे काकांना ठाऊक होतं. धामणीला ठाऊक होतं की नाही, याची खात्री नव्हती. पण खरी धास्ती वेगळीच होती. तांबडी गेली, अंडी गेली, म्हणजे जमीनही गेली! ओरडावं, तर काकू येणार. काका तोंड मिटून जाळीला चिकटून उभे राहिले.

आणि काकू आल्याच, वाळलेले कपडे घेऊन. "अहो, आत काय करताय?"

"हवा खेळती आहे का बघतोय!"

"मग एवढा घाम का फुटलाय?"

"म्हणजे... खेळत नाहीये, असं दिसतंय."

"चहा टाकू?"

"नको! म्हणजे टाक! पण सावकाश टाक!"

"तांबडी बरी आहे ना?"

"उत्तम! गाढ झोपलीये."

"हो का?" काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि वळल्या.

त्याच क्षणी धामण काकांच्या पायावरून सरकली. काकांनी उडी मारून कोंबड्यांच्या दांडीवर बैठक घेतली. दांडी कोंबड्यांच्या वजनाची होती. ती मोडली!

"अगं, धाव! साप! तांबडी गेली गं! तू जा शहरात, मी काही म्हणणार नाही, पण आधी दार उघड!"

काकूंनी शांतपणे खिट्ट्या काढल्या. आधी धामण बाहेर आली, घाई न करता, कुंपणाकडे गेली. तिच्यामागून काका आले, ते भरपूर घाई करून.

"दोन दिवस बघतेय तिला," काकू म्हणाल्या. "बाकीच्यांची ताजी अंडी खाते, जिरेपर्यंत पडून राहते, मग जाते. कोठीतले उंदीरही कमी झालेत, म्हणून बोलले नाही."

"आणि तांबडी?"

काकूंनी न्हाणीघराचं दार उघडलं. कपडे धुवायच्या टबात, गवतावर, तांबडी ऐटीत बसली होती. पंखाखालून दोन पिवळी डोकी बाहेर डोकावत होती.

"तुमच्या तिजोरीत ठेवायचा धीर झाला नाही. पहिल्याच रात्री उचलून आणली."

काकांचे डोळे भरून आले. "म्हणजे... आपण राहायचं ना इथेच?"

"राहू की. आता या लेकरांना टाकून मी कुठे जाणार?"

"आणि तो नळ?"

"नळाला काय धाड भरलीये? पण पिल्लं मोठी होईपर्यंत तुमची अंघोळ बाहेरच!"

आता काका खुराड्यात अंघोळ करतात. चारी बाजूंनी गोणपाट लावलंय, पाण्याची नळी त्या भोकातून आत येते आणि दाराला आधी एक वीट लावलेली असते. साबणामुळे मुंगीसुद्धा आत शिरत नाही.