झाडाखाली चिडीचूप

"बाळ द्यायचं तर दे ह्यांच्याकडे, पण पोपटांच्या वेळेला नको हं," सासूबाईंनी बजावलं होतं. सूनबाईने ते हसण्यावारी नेलं. सासऱ्यांचं आयुष्य पोस्टात टपाल वेगळं करण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर ते पोपट वेगळे करत होते: कोण कुठल्या फांदीवर झोपतो, कोण शेंग डाव्या पायात धरून खातो. यात बिघडायचंय काय?

शिवाय बाळ झोपत नव्हतं. सूनबाईने दाराची घंटा बंद केली, कुकरला रजा दिली, नवऱ्याला शिंकायला गॅलरीत पाठवलं. घर चिडीचूप आणि बाळ टक्क जागं. शेवटी सासरे म्हणाले, "जरा फिरवून आणतो," आणि बाबागाडी घेऊन निघाले.

दिवेलागण झाली तरी दोघांचा पत्ता नाही. फोन केला, तर तो सोफ्यावरच वाजला. उघडी गटारं, भरधाव ट्रक, उतारावरून सुटलेली बाबागाडी... सगळं सूनबाईच्या डोळ्यांपुढून गेलं. एका पायात स्वतःची, दुसऱ्यात नवऱ्याची चप्पल घालून ती धावत सुटली.

चौकातल्या झाडावर अख्ख्या शहराचे पोपट उतरले होते. जागेवरून हाणामाऱ्या, किंचाळ्या, नुसता कल्लोळ. खालच्या बाकावर सासरे बसलेले, आभाळ कोरडं ठणठणीत असताना छत्री उघडून. छत्रीवर कुरतडलेल्या शेंगा पडत होत्या, आणि बरंच काही.

"बाबा! अहो, बाळ कुठंय?"

"श्श!" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपलंय."

छत्रीखाली, बाबागाडीत, बाळ मुठी सैल सोडून गाढ झोपलं होतं. सूनबाईने आधी त्याच्या नाकाशी बोट धरलं. मग स्वतः श्वास सोडला.

"एवढ्या कलकलाटात?" ती कुजबुजली.

"काय?"

"एवढ्या कलकलाटात?"

"हळू बोल गं! गाडी हलवली की डोळे उघडतं. बस जरा."

"पाचच मिनिटं हं," म्हणत तिने पाठ टेकली.

थोड्या वेळाने नवरा धापा टाकत आला. उरलेल्या चपलांचा जोड त्याने तसाच पायात अडकवला होता.

"बाबा, अहो काय हे! किती शोधलं..."

"ओरडू नकोस, उठेल."

"कोण, बाळ?"

"बाळ उठलं तर मी बघतो. हिला उठवू नकोस."

सूनबाईचं डोकं सासऱ्यांच्या खांद्यावर कलंडलं होतं. तोंड उघडं, चक्क घोरत होती. नवरा पाहतच राहिला.

"मग घरी कधी जायचं?"

"अंधार पडला की पोपट गप्प होतात. शांतता झाली की उठतील दोघं. तोवर तू छत्री धर."

नवऱ्याने एका हातात छत्री धरली, दुसऱ्याने आईला मेसेज टाकला. पण सासूबाई मेसेज वाचतात दुसऱ्या दिवशी, तोही चष्मा सापडला तर. तेव्हा तुम्ही त्यांच्या घरावरून जाणार असाल, तर जरा डोकावून या. दारातच उभ्या असतील. सगळे सुखरूप आहेत, एवढंच सांगा.