इनास राजे यांचे टाकोचे मोहिमेची हकिकत

अन्न देणारा तो एक परमेश्वर, त्यास आधी दंडवत, मग तापल्या तव्यास, मग वाचणारांस. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघ मासी, रविवारी, देवळातली मोठी मिस्सा आटोपून मंडळी घरी आली ते समयीचे हे वर्तमान. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. खाडीकाठी, केळीचे बागांत, चार खोल्या, एक पडवी आणि एक मुदपाकखाना इतुका मुलूख, हे ध्यानी असले म्हणजे पुरे. आम्ही शेजारचे राज्याचे वकील; भिंत एक असल्याने वास आधी आम्हांस येतो, आणि वास आला की आमची स्वारी वाटीभर साखर मागावयाचे निमित्ताने तिथे दाखल होते, सबब हे सर्व डोळां देखिले आहे.

ते राज्यी थोरले महाराज बस्त्याव गादीवर. तीस वर्षे जहाजावर भटारखाना सांभाळिला, मग पाय थकले आणि घरी बसले. स्वभाव करडा, कालवण कितीही उत्तम जाहले तरी "मीठ बरोबर आहे" इतुकेच बोलत, आणि तेवढ्यावर मातुश्री नातालीनबाई आठ दिवस खुशीत राहत. महाराजांचा शिरस्ता ऐसा की, सगळे जेवण मेजावर मांडल्याखेरीज प्रार्थना नाही आणि प्रार्थना सरल्याखेरीज घासास हात लावणे नाही; आणि प्रार्थना तरी काय सांगावी! आधी वडील, मग आजे, मग चुलते जाकी, मग देवळाची घंटा वाजविणारा मयत पेद्रू, मग आखातात गेलेले भाचे, आणि सर्वांचे शेवटी, "दर्यावर असलेल्या आमच्या इनासला सांभाळ." इनास राजे म्हणजे एकुलते पुत्र, तेही जहाजावर भटारीच. रजेवर येऊन बापासमोर मेजावर बसले असले तरी ही ओळ चुकत नसे. एकदा राजे बोलिले, "बा, मी इथंच आहे की." महाराज म्हणाले, "आज आहेस." आणि आमेन केले.

ऐसियास या खेपेस जहाजाचे बोलावणे आले की बुधवारी हजर व्हावे, आणि इनास राजांचा पाय घरातून निघेना. मागे मेक्सिको देशी एका बंदरात जहाज दुरुस्तीस महिनाभर अडकले होते, तेथे रस्त्याकाठी एक बाई तव्यावर बीफ परतून मक्याचे पातळ भाकरीत घालून देत, त्यास टाको म्हणत. तो राजांनी एकदा खाल्ला, मग रोज खाल्ला, मग बाईंचे शेजारी कांदा चिरावयास उभे राहिले आणि विद्या घेऊन आले. आता मनी ऐसे की दर्या सोडावा, नाक्यावर टाकोची टपरी घालावी आणि आपल्या माणसांत राहावे. मातुश्रींची इच्छा तीच, आणि सूनबाई लविना यांची तर दुप्पट, कारण लग्नास सहा वर्षे जाहली त्यांत नवरा घरी असा दीड वर्षही नव्हता. परंतु महाराजांपुढे तोंड उघडणार कोण? शेवटी लविनाबाईंनीच उघडले. महाराजांनी सगळे ऐकिले आणि म्हणाले, "भाकरी रश्शात बुडवून खातात. पुडी बांधून कोण खातो? बरं, रविवारी कर. मला पटलं तर बघू. नाही तर बुधवारी बॅग उचलायची." हुकूम जाहला.

मग काय विचारता! शनिवारी राजे खासा कसायाकडे गेले आणि रेड्याचे बीफ, मांडीचे, थोडी चरबी राखून आणिले, आणि ब्याडगी मिरच्या भिजत घालून लसूण, जिरे, दालचिनी आणि सिरका यांचे वाटण करून त्यास चोळिले, आणि रविवारी मिस्सेहून येताच मंद आचेवर चढविले. मांस मऊ जाहले, परंतु मक्याची भाकरी ऐकेना. दुमडावी तों मधोमध चीर. तीन गेल्या, चौथी गेली, राजे घामाघूम. तेव्हा मातुश्री पदर खोचून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अरे लेका, गार पाण्यात मका ऐकतो होय? सरक तिकडे. उकड काढते." मग उकळत्या पाण्यात पीठ पडले, झाकण बसले, आणि मातुश्रींनी ते गरमच मळून ऐशा भाकऱ्या थापिल्या की रुमालासारख्या दुमडाव्या. लविनाबाईंनी कांदा, कोथिंबीर, टोमॅटो आणि हिरवी मिरची बारीक चिरून वर लिंबू पिळिले. तितक्यात आम्ही वाटी घेऊन पोहोचलो. लविनाबाईंनी वाटी काढून घेतली, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बसा हो, साखर काय तुम्हाला लागत नाही."

दहा टाको भरून मेजावर ओळीने मांडिले आणि महाराजांनी हात जोडिले. वडील जाहले, आजे जाहले, चुलते जाकी जाहले, आणि बीफाचा रस भाकरीत मुरू लागला. पेद्रूपाशी येता ताटलीत तळे जाहले. इनास राजे एक डोळा उघडून पाहत होते. आखातातले भाचे आले तों त्या दिवशी नेमकी त्यांची लेकरेही नावानिशी आली, मग दर्यावरचा इनास, मग आमेन. महाराजांनी टाको उचलिला, भाकरी वर आली आणि बीफ सगळे मिस्सेच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरले. महाराज म्हणाले, "याचं तर धोतरच सुटलं," आणि सदरा बदलावयास आत गेले. आम्हांस हसू दाबता दाबवेना, परंतु राजांकडे पाहिले आणि हसू विरले. राजे ताटलीकडे पाहून पुटपुटले, "बुधवार." लविनाबाईंनी तोंड फिरविले.

महाराज बनियनवर बाहेर आले तों मातुश्री उलथने घेऊन वाटेत उभ्या. म्हणाल्या, "माझ्या पोराच्या हाताला नावं ठेवू नका. खोट तुमच्या प्रार्थनेत आहे! चाळीस वर्षं गार जेवतेय मी. आज इथं शेगडीपाशी उभं राहायचं नि तव्यावरून गरम खायचं." महाराज म्हणाले, "आणि नावं?" मातुश्री म्हणाल्या, "जेवल्यावर घ्या. गेलेली माणसं कुठं पळून जातायत?" ऐसे बोल त्या दरबारी पूर्वी कोणी बोलिले नव्हते. महाराज शेगडीपाशी आले, क्रूसाची खूण केली, "देवा, या अन्नाला आशीर्वाद दे" इतुकेच बोलिले आणि हात पुढे केला. मातुश्रींनी भाकरी उलटिली, राजांनी बीफ घातले, लविनाबाईंनी कांदा-कोथिंबीर टाकिली, आणि टाको थेट महाराजांचे हाती पडला. महाराजांनी खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला, तोही पुसिला. हात पुन्हा पुढे. मग तिसरा, मग चौथा, मग पाचवा. आम्ही चार खाल्ले. मातुश्रींनी न राहवून विचारिले, "मीठ?" महाराजांनी मान हलविली, होय की नाही ते समजेना. राजांचा जीव टांगणीला.

मग महाराज हात धुवून मेजापाशी बसले आणि म्हणाले, "आता नावं." सर्वांनी हात जोडिले. वडील, आजे, चुलते जाकी, पेद्रू, भाचे आणि त्यांची लेकरे, एकही सुटले नाही. आता तीच दर्याची ओळ यावयाची. महाराज म्हणाले, "आमेन." राजांना वाटले, म्हातारपण आले, विसर पडला. हळूच बोलिले, "बा, माझं नाव राहिलं." महाराज म्हणाले, "राहिलं नाही, गाळलं. ती ओळ दर्यावरच्यांची आहे. तू दर्यावर आहेस का?" आणि तोंड दाराकडे वळवून राजांसच म्हणाले, "बुधवारी टपरीची जागा दाखव." मातुश्री पदर डोळ्यांस लावून हसत होत्या आणि रडत होत्या, लविनाबाई रिकामा तवाच उगाच पुसीत सुटल्या, आणि इनास राजांनी बापाचे दोन्ही हात धरिले ते सोडीनात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नाक्यावर टपरी उभी आहे, भाकरी मातुश्रींचे उकडीची, आणि महाराज रोज दोन प्रहरी तेथे उभ्यानेच जेवतात. रविवारी टपरी बंद असते, कारण रविवारी इनास राजे घरी मेजावर बसतात आणि प्रार्थना एक ओळ कमी असते. आम्ही साखरेची वाटी अद्याप परत आणिली नाही.