आवाज येतोय का?

आमच्या शेजारचा हरेश्वर रोज दिवेलागणीला दार लावून घेतो, पंखा बंद करतो आणि मंत्र्यांना झापायला लागतो. मंत्री खोलीत नसतात. खोलीत असतो हा, एक मोबाइल, त्याचा स्टँड आणि एक गोल दिवा. पण आवाज असा लावतो की वाटावं, मंत्री समोर स्टुलावर बसलाय आणि बिचाऱ्याला लघवीला उठायचीसुद्धा परवानगी नाही.

पंखा बंद का, तर त्याची घरघर व्हिडिओत येते. त्यामुळे थोड्याच वेळात हा घामाने निथळतो. बघणारे खाली लिहितात, "दादा, तुमची तळमळ दिसतेय." तळमळ कसली डोंबलाची, उकडतंय त्याला. अंगात खादीचं जाकीट, खाली टॉवेल. टॉवेल मोबाइलात दिसत नाही म्हणून अब्रू टिकून आहे.

त्याच्या चॅनलचं नाव 'हरेश्वर विचारतोय'. खूप माणसं बघतात. बाजारात भाजीवाली ओळखते, कोथिंबिरीची जुडी फुकट देते. हा घेतो. घरी येऊन फुकट खाणाऱ्या पुढाऱ्यांवर बोलतो. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे, "जाब तर द्यावाच लागेल!" ते म्हणताना टेबलावर मूठ आपटतो. मग आमच्या फडताळातले चमचे वाजतात.

मी चौथी शिकलेला माणूस. भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश मारण्यात आयुष्य गेलं. माझं राजकारण बोटाला शाई लावून घेण्यापुरतं. पण आमची इंद्रलोकची बिल्डिंग जुनी, भिंती पापडासारख्या. आमचा ओटा आणि त्याचा तो स्टुडिओ, मध्ये एकच भिंत. त्यामुळे देशात काय चाललंय ते मला ताटावर बसल्या बसल्या कळतं.

सुरुवात त्याची ठरलेली. "नमस्कार मित्रांनो, आवाज येतोय का?" असं विचारतो आणि जरा थांबतो. माझी बायको शालन होती, तेव्हा हा प्रश्न आला की ती लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोकायची. टक टक. मला वाटायचं, गप बस मेल्या, असं सांगतेय. मला बरं वाटायचं. कधी बोलता बोलता हा फारच चढला की ती एकदाच, पण जोरात ठोकायची. की हा लगेच खाली यायचा, "अर्थात, दुसरी बाजूही ऐकली पाहिजे."

मी म्हणायचो, "बरं हाणलंस."

ती म्हणायची, "तुम्ही जेवा."

हरेश्वर मूळचा इथल्याच खाडीकाठच्या मुर्धा गावचा. वय पंचेचाळिशीचं, लग्न नाही. आई गेल्यावर भावाशी बिनसलं आणि हा इथे राहायला आला. भावाने तिकडे खाडीकडच्या जागेत बिनपरवान्याची चाळ बांधली आहे. हरेश्वर सगळ्या महाराष्ट्रातल्या बेकायदा बांधकामांवर बोलून झालाय. मुर्ध्याचं नाव निघालं की मात्र त्याचा घसा बसतो. चॅनलवर भाषा अशी शुद्ध की शाळेतला मास्तर लाजेल. पण पकडला गेला की गाव तोंडात येतं. एकदा मी चाळीचं विचारलं, तर म्हणाला, "तसा न्हाय काका, तो घरचा विषय हाय."

दुसरा घरचा विषय म्हणजे मोटर. आमच्याकडे पाणी दिवसाआड, संध्याकाळी. यानं नळाला मोटर बसवली. पाणी आलं की मोटर सगळं तिकडे ओढायची आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धार. शालन बादली लावून स्टुलावर बसून राहायची. आणि त्याच वेळेला भिंतीपलीकडे हा पाणी चोरणाऱ्या टँकरवाल्यांवर तुटून पडलेला. एकदा बघणाऱ्यांपैकी कोणी तरी विचारलं, "दादा, मागे घुर्रर्र आवाज कसला येतोय?" यानं मूठ आपटली. मग म्हणाला, "हा जनतेच्या संतापाचा आवाज आहे!"

मी म्हणालो, "जाऊन ती मोटर उपटतो."

शालन म्हणाली, "राहू द्या. एकटा आहे. भांडलात तर त्याला घरचं बोलायला कोण उरणार?" आणि बादली भरेपर्यंत त्याच्यासाठी दोन भाकऱ्या थापायला घेतल्या.

शालन पावसाळ्याआधी गेली. किडनीचं दुखणं होतं. तिची एकच हौस होती, सवाष्ण जायचं. मला सांगून ठेवलं होतं, "नळावर रांग असते ना, तसं समजा. माझी बादली पुढे आहे. तुम्ही मधे घुसायचं नाही." घुसलो नाही. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, सगळं केलं. कुंकू मी लावलं. लावताना थोडं नाकावर सांडलं. बायका म्हणाल्या, नाकावर कुंकू सांडलं, नवऱ्याची लाडकी होती. मी म्हणालो, होती.

तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी खाली गेटवर सेक्रेटरी शहाभाई भेटले. माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरले आणि आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"अरे चव्हाण काका! आप तो... ठीक हो?"

"मला काय झालंय?"

"नहीं नहीं, कुछ नहीं. भगवान लंबी उमर दे."

वर आलो तर फोन. शालनचा गावाकडचा चुलतभाऊ, रडवेला. "अक्का गेली ते कळलं होतं, पण दाजी तिच्याही आधी गेले आणि आम्हाला कोणी कळवू नये?"

"कोण दाजी?"

"आमचे. भाईंदरचे."

"अरे, मीच बोलतोय."

तो म्हणाला, "नक्की?"

झालं होतं असं, आणि तेही मी घरात नसताना. हरेश्वरने पाणीटंचाईवर व्हिडिओ केला होता आणि त्यात शालनचा फोटो लावला होता. "पाण्याची वाट बघत बघत ही माऊली गेली. याचा जाब कोण देणार?" असं म्हणून मूठ आपटली होती. फोटोखाली मोठ्या अक्षरांत, 'श्रीमती शालन चव्हाण यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. तोंडानेही तसंच म्हणाला. आता आपल्यात नवरा असलेली ती सौभाग्यवती आणि नवरा गेलेली ती श्रीमती. म्हणजे या बाबाने एका शब्दात मला मारलं आणि तिला विधवा केलं. तिने मरताना एवढीच एक गोष्ट मागितली होती, ती यानं सगळ्या जगासमोर काढून घेतली.

मी मेलो त्याचं मला काही नाही. पण तिचं कुंकू पुसायला हा कोण?

दार वाजवलं. "हरेश्वर, माझ्या बायकोला श्रीमती का केलंस?"

"काका, तुम्ही संदर्भ समजून घ्या."

"संदर्भ गेला चुलीत. मी जिवंत आहे का मेलोय?"

"जिवंत आहात."

"मग?"

"सरकारी भाषेत सगळ्याच बायकांना श्रीमती लावतात."

"तू कधीपासून सरकारी झालास? रोज तर त्यांची खरडपट्टी काढतोस."

तो जाकिटाचं बटण लावायला लागला. "बरं, व्हिडिओ गुपचूप काढून टाकतो."

"गुपचूप नको. उघड्यावर विधवा केलीस, उघड्यावर सवाष्ण कर. चुकलो म्हण आणि सौभाग्यवती म्हण. दुसरं काही मागत नाही. आणि ती पाण्याने नाही, किडनीने गेली. पाण्याची वाट बघत बसायची ते खरं, पण का बसायची ते तुला माहीत आहे."

त्याची मान खाली गेली. "काका, एकदा चुकलो म्हटलं ना, की विरोधक म्हणणार, हा रोजच चुकतो. सगळी विश्वासार्हता जाईल."

"मंत्र्यांनाही असंच वाटत असणार मग."

त्याने दार लावून घेतलं. रोज तो म्हणतो ना, की अमुक साहेबांनी प्रतिक्रिया देणं टाळलं, तसं.

मला भाषण येत नाही. पण त्याचं ऐकून ऐकून एक गोष्ट शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली आणि त्याच्या दारासमोर पॅसेजमध्ये टाकून बसलो.

"काका, हे काय?"

"ठिय्या."

"अहो, आत या ना."

"जाब मिळाल्यावर."

कचऱ्याची पिशवी घेऊन तो माझ्या पायांवरून ओलांडून गेला, तसाच ओलांडून आला. शहाभाईंनी घरून चहा पाठवला. वरच्या मजल्यावरच्या बाया जाता-येता विचारायच्या, "काका, काय झालं?" मी सांगायचो, "चर्चा सुरू आहे." आतून रोजच्यासारखा आवाज आला, "नमस्कार मित्रांनो, आवाज येतोय का?" मग तो थांबला. खूप वेळ थांबला. मी म्हणालो, येतोय मेल्या, बिल्डिंगभर येतोय. पण मनात.

असं दोन-तीन दिवस चाललं. मग एका संध्याकाळी दार उघडलं आणि हा जाकीट-टॉवेलवरच बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला. घाम पुसला नाही.

"काकी असती ना काका, तर तो व्हिडिओ झालाच नसता."

"का?"

"तिने एकदा ठोकला असता."

मला कळेना. मग त्याने सांगितलं. तो इथे नवा आला तेव्हा माईक जुना होता. आपला आवाज बाहेर नीट जातो की नाही, हे सांगायला घरात कोणी नाही. पहिल्याच दिवशी त्याने सहज मोठ्याने विचारलं, आवाज येतोय का, आणि भिंतीतून टक टक आलं. तेव्हापासून तेच ठरून गेलं. दोनदा म्हणजे येतोय, बोल. एकदा म्हणजे जास्त झालं, माघार घे.

"कधी बोललात का तुम्ही दोघं याबद्दल?"

"न्हाय. काय बोलायचा त्यात? तिला कळायचा, मला कळायचा." तो टॉवेलच्या टोकाशी चाळा करत राहिला. "ती गेली तेव्हापासून रोज इचारतो न् थांबतो. लोक लिहितात, येतोय दादा, क्लिअर येतोय. हजार लोक लिहितात. पण मला न्हाय येत ऐकायला. मंग मीच ओरडतो. ओरडत सुटतो. थांबवायला कोण हाय?"

मी त्या बाईबरोबर एवढी वर्षं संसार केला. मला वाटायचं ती त्याला गप करते. ती त्याला बोलतं ठेवत होती आणि वेसणही धरत होती. मला मात्र "तुम्ही जेवा."

मी खुर्ची उचलली. "चल, ऊठ. तुझी वेळ झाली," म्हणालो आणि घरात आलो.

ओट्याखालच्या डब्यात लाटणं होतं. ती गेल्यापासून काढलं नव्हतं, मी भात करून खातो. ते हातात घेऊन भिंतीपाशी उभा राहिलो. पलीकडे पंखा बंद झाल्याचं ऐकू आलं.

"नमस्कार मित्रांनो. आवाज येतोय का?"

टक टक.

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, बिघडलं की काय. मग त्याने नाक ओढलं, ते भिंतीतून स्पष्ट आलं.

"मित्रांनो, आज मी कोणाला विचारणार नाही. आज मलाच जाब द्यायचाय. आमच्या शेजारच्या शालनकाकींना मी श्रीमती म्हणालो. त्या सौभाग्यवती होत्या. सौभाग्यवती शालन चव्हाण. काका ठणठणीत आहेत, भिंतीपलीकडे उभे आहेत. त्या आजाराने गेल्या, मी ते पाण्याशी जोडलं. मी चुकलो."

मी लाटणं खाली ठेवणार होतो. पण त्या दिवशी पाणी होतं, आणि हरेश्वर तो हरेश्वर. थोडं कौतुक लिहून आलं असणार, कारण लगेच आवाज चढला. "पण मित्रांनो! म्हणून मूळ प्रश्न संपत नाही! आमच्या माताभगिनींच्या तोंडचं पाणी पळवणारे हे चोर..." मागे मोटर घुर्रर्र करत होती.

मी एकदाच ठोकलं. असं ठोकलं की भिंतीचा पोपडा पडला.

तो थांबला. मोटरचा आवाज तेवढा राहिला.

"अर्थात," तो हळू म्हणाला, "एक मोटर माझ्याही नळाला आहे. तिचाच आवाज येतोय." आणि जाऊन बंद केली. चालू व्हिडिओत. खाली टॉवेल आहे, हे विसरून.

तो व्हिडिओ पुष्कळ लोकांनी बघितला. निम्म्यांनी माफीसाठी, निम्म्यांनी टॉवेलसाठी. काहींनी वाईटसाईट लिहिलं, ढोंगी म्हणाले. काही त्याला सोडूनही गेले. तो म्हणतो, सगळे परत येतील. मुर्ध्याच्या चाळीवर मात्र अजून बोललेला नाही. मी ठोकून बघितलं, पण त्याबाबतीत त्याला ऐकू येत नाही.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी मी सवयीने नळाखाली बादली लावली आणि स्टुलावर बसलो. नळ उघडला तर मनगटाएवढी धार. बघता बघता बादली भरली, वाहायला लागली, माझे पाय भिजले. मोटर बसल्यापासून इतकं पाणी आमच्या नळाला कधी आलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, मोठ्याने, "शालन! अगं, पाणी आलं बघ!"

घरात कोण होतं ऐकायला. मी नळाकडे बघत तसाच बसून राहिलो.

मग भिंतीतून आलं, टक टक.